शेंडा डावीकडे

दूर तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या दवाखान्यात सोमवारचा जप करणाऱ्या कौमुदीबाईंच्या कानावर मराठी शब्द पडले आणि माळ थांबली. शेजारी नातीला घेऊन बसलेल्या आजी मुलावर कडाडत होत्या.

"ऊर्मी बोलत नाही म्हणून शाळा लिहिते, हिला समोरच्याचं कळत नाही! वेगळ्या वर्गात घालणार म्हणे!"

"आई, हळू. डॉक्टर तपासतील ना."

"परवा पंगतीत केळीची पानं तिनेच मांडली. समोर उभी राहून, जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला शेंडा. एक पान चुकलं नाही!"

"त्यात काय एवढं?"

"तू मांडलेली सगळी उलटी, दर्शन! शेंडे तुझ्या डावीकडे. तुला नेलं का कुणी तपासायला?"

"चला, नंबर आला."

"थांब. पिशवीत पान आणलंय. आधी डॉक्टरांना मांडू दे."