स्टॅगने अंग झाडलं तेव्हा

हसा तुम्ही, पण त्या दिवसानंतर मी शिकारीला गेलेलो नाही. मँचेस्टरचा आमचा केदार, त्याची नवी रायफल आणि गॅरेजमध्ये स्वतः भरलेली काडतुसं. स्कॉटलंडच्या डोंगरावर सकाळी कागदी टार्गेटवर पाच गोळ्या मारल्या, पाचही अचूक. मग समोर खराखुरा स्टॅग, म्हणजे मोठ्या शिंगांचा नर हरीण आला. केदारने ट्रिगर दाबला, तर नुसतंच 'खट्'.

"थांब, कधीकधी उशिरा उडतं," आमच्यासोबतचा गाइड कुजबुजला. मिनिटभराने त्याने केदारला काडतूस काढायला लावलं. केदारने ते गोळीसकट तसंच खिशात टाकलं. स्टॅग मात्र हलेना, आमच्याकडेच बघत उभा.

मी आपला चेष्टेत पुटपुटलो, "केद्या, आमच्या गावी जत्रेत बोकडावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवीचा होकार. तोवर सुरी लावत नाहीत."

"गप रे!"

तेवढ्यात भुरभुर पाऊस आला. स्टॅगने मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. धाडकन आवाज झाला आणि तो कोसळला.

"गोळी कोणी मारली?" गाइड ओरडला. रायफल तर रिकामी, गवतावर उघडी पडलेली.

केदारने खिशात हात घातला आणि चटका बसल्यागत मागे घेतला. मग रुमालात धरून ते काडतूस बाहेर काढलं. त्यात गोळी नव्हती.