काळ्या कुसळांचं भात

(न्हाणीघर. आंघोळीच्या टाकीत, कोमट पाण्यात, गावातल्या घरोघरच्या भाताच्या बियाण्याच्या पिशव्या भिजताहेत. काठाशी म्हातारी तोमे आणि तिची सून मिसाओ.)

तोमे : झाकण घाल त्यावर. सारखं उघडून बघितलं म्हणून मोड लवकर येत नाहीत.

मिसाओ : बाकी सगळ्यांचे आलेत, आई. शेजारच्या इनागाकींचा हा दाणा बघा, कबुतरासारखा छाती काढून बसलाय. फक्त आपलीच पिशवी तशीच आहे. मला भीती वाटतेय.

तोमे : चिकट भात आहे ते. त्याला सगळं उशिराच सुचतं, माझ्या मुलासारखं.

मिसाओ : वास घेऊन बघा.

तोमे : ...आंबूस येतोय.

मिसाओ : म्हणून तर हाक मारली तुम्हाला.

तोमे : गरम पाण्यातून काढलंस तेव्हा पाणी फार तापलं होतं का?

मिसाओ : नाही. थर्मामीटर हातातून सोडला नाही मी. यंदा गावाचं बियाणं शेकायची पाळी आपल्या घराची, आणि मी पहिल्यांदाच करणार. रोग मरावा आणि बी जगावं, एवढंच गरम होतं. सगळ्यांचं त्याच पाण्यातून निघालं.

तोमे : मग आपलंच काय बिनसलं? पहिल्यापासून सांग. मिठाच्या पाण्यात कधी टाकलंस?

मिसाओ : आपलं? सगळ्यांच्या आधी, पहाटे. मीठ बरोबर पडलंय का ते बघायचं होतं. दुसऱ्यांच्या बियाण्यावर कशाला प्रयोग? पोचट दाणे वर आले, भरलेले खाली बसले. खालचे धुऊन ठेवले.

तोमे : आणि गरम पाण्यात?

मिसाओ : सगळ्यांच्या शेवटी. लोक आपापली पिशवी घेऊन दारात उभे. त्यांच्यासमोर आपलंच आधी कसं उरकणार? बरं दिसलं नसतं.

तोमे : म्हणजे दिवसभर ओलं राहिलं.

मिसाओ : सावलीत ठेवलं होतं, झाकून.

तोमे : मिसाओ, कोरडं बी झोपलेलं असतं. झोपेत त्याला चटका सोसतो. पाणी प्यायलं की ते जागं व्हायला लागतं. तू जागा झालेला जीव गरम पाण्यात घातलास.

मिसाओ : मला कुणी सांगितलं नाही.

तोमे : नाही सांगितलं. मी भिजवायची आणि लगेच शेकायची, तू बघत होतीस, मला वाटलं कळलं असेल. सुरी दे.

मिसाओ : उद्यापर्यंत थांबू या ना.

तोमे : मेलेलं उद्या जिवंत होणार आहे? उजेडाकडे धर. हा पांढरा भाग म्हणजे नुसती शिदोरी. जीव असतो तो टोकाच्या या कोपऱ्यात, तांदूळ सडताना निघून जातो तो. इनागाकींच्यात बघ, दुधासारखा आहे. आता आपला कापते.

मिसाओ : तपकिरी आहे.

तोमे : दुसरा दे.

मिसाओ : हाही तसाच.

तोमे : अजून दे.

मिसाओ : पुरे, आई. सुरी ठेवा आता.

तोमे : माझ्या सासूने दुष्काळात झाडाची साल खाल्ली, पण या बियाण्याला हात लावला नाही.

मिसाओ : माळ्यावर थोडं तरी असेल?

तोमे : उरलेलं नव्या वर्षाला मोचीचे चिकट लाडू करायला कुटलं. तूच कुटलंस.

मिसाओ : तरंगलेले दाणे मी कोंबड्यांना घातले होते. आज खुराडं उकरून आले. एकही नाही.

तोमे : कोंबड्या तुझ्यासारख्या भिडस्त नसतात.

मिसाओ : असं नका बोलू. त्यापेक्षा रागवा. हे शेतावरून येतील तेव्हा मी काय सांगू?

तोमे : रागवायला बळ लागतं. मी घाबरलेय, मिसाओ. या भाताला काळी कुसळं येतात, तसं या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. माझ्या हयातीत संपलं ते.

मिसाओ : एका ठिकाणी आहे.

तोमे : नाही.

मिसाओ : मी अजून नावही घेतलं नाही.

तोमे : घेऊही नकोस. पळून जाऊन लग्न केलं, वर मूठभर बी बांधून नेलं. या घराचं बी घराबाहेर जात नसतं. पोटची लेक, पण भर रस्त्यात चोर म्हटलं मी तिला. तोंड दाखवू नकोस म्हटलं.

मिसाओ : वन्सं दरवर्षी लावतात ते. कापणीच्या आधी मला शेताचा फोटो पाठवतात. तुम्हाला दाखवायचा धीर झाला नाही कधी.

तोमे : दरवर्षी पाठवते?

मिसाओ : मागच्या साली नाही आला.

तोमे : का?

मिसाओ : माहीत नाही. विचारायची भीती वाटली. आई, आज बी मिळालं तर रोपं टाकायला अजून वेळ आहे. चूक माझी, मीच फोन करून मागते.

तोमे : तू मागितलंस तर ती देईल. तुला कधीच नाही म्हणायची नाही.

मिसाओ : मग लावू?

तोमे : लाव. आणि माझ्याकडे दे.

मिसाओ : तुमच्याकडे?

तोमे : आवाज ऐकून ठेवून दिला तर?

मिसाओ : वाजतोय, आई. धरा.

तोमे : ...हारुए? ठेवू नकोस. मी बोलतेय. ...हो, सगळे बरे आहेत. नाही, तसं काही नाही. अगं, मागच्या साली फोटो का नाही पाठवलास?