कशेडीचा नारळ

माझ्या आत्याला घाटात नेऊ नका, एवढंच सांगतो. परवा कशेडी चढताना समोर ट्रक आला, मी करकचून ब्रेक मारला आणि तेव्हापासून आमची जुनी जीप रेसच घेईना. पोलादपूरहून मिस्त्री बोलावला. त्याने डिझेल फिल्टर बदलला, पाइप फुंकले. जीप ढिम्म.

आत्या म्हणाली, "घाटातल्या देवाला नारळ नाय दिलास रे. दुसरं काय होनार?"

मी वैतागलो. "दे मग! कुठाय नारळ?"

"तुझ्याच सीटखाली ठेवलाय."

मिस्त्री वाकला. नारळ अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमागे घट्ट अडकलेला!

तो उपसून देवापुढे फोडला. जीप झोकात घाट चढली.

खोबरं चावत आत्या म्हणाली, "बघ, पावला का नाय?"

आता ती दर फेरीला दोन नारळ आणते. मी ते टपावर बांधतो.