सरळ रस्त्यावरचं घर

"मनुष्यजातीचं भवितव्य सरळ रस्त्यांवर आहे!" तात्या आगट्यांनी वसईच्या बसथांब्यावर जाहीर केलं. मग समोरच्या नव्या वसाहतीकडे बघत केळीवाल्या सालोमीबाईंना हळूच विचारलं, "बाई, यातलं माझं घर कोणतं असेल हो?"

रांगेतल्या व्हॅलेरियन मास्तरांनी वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग चालू ठेवलं.

"तुमचं घर तुमालाच ठाव नाय?"

"परवाच राहायला आलो. सगळी घरं पिवळी, सगळ्यांपुढे तीच तुळस. आखीवरेखीव काम!"

"नंबर बगा ना."

"पाट्या रंगवायला गेल्यात. सकाळी फिरायला निघालो, आता तिकडे वरण निवतंय."

"आदी कुठं होता?"

"गिरगावात, चाळीत. खाली भजीवाला, वर तबल्याची शिकवणी, शेजारी पारशी घड्याळजी. नुसता गोंधळ! पण जिन्यात खाकरलो की बरोब्बर माझीच बायको दार उघडायची."

"मंग हितं पन खाकरा."

"तीन दारांत खाकरलो. दोन उघडलीच नाहीत. तिसऱ्या बाईंनी आल्याचा काढा पाजला."

"नावानं हाक मारा तिला."

"बायकोला? नावानं? आणि वसाहतीत हाका मारायला बंदी आहे. पहिल्याच सभेत ठराव झाला."

"कोन शाण्यानं मांडला?"

"मी."

"मंग बसा हितंच."

"फेरीवाल्यांना सूट ठेवलीय म्हणा," तात्या केळ्यांच्या पाटीशी वाकले. "तेव्हा बाई, त्या रस्त्यानं जाताना एकदा जोरात 'केळी' म्हणून ओरडाल? आमची ही घासाघीस करायला दारात आल्याशिवाय राहायची नाही."