निंब कडू लागला

(गावच्या मंडईचा, म्हणजे जत्रेचा दिवस, सकाळचे नऊ. आंगणात मोटरसायकल उभी.)

ओमेश्वरी : मामाजी, बसा ना गाडीवर! १०८ ची अँबुलन्स कोहमाऱ्यावरून निघाली, तिले इकडं याले तास लागते. तेवढा टाइम नाई आपल्यापाशी.

रामलाल : कायले बसू? सांगतलो ना, निंबाचा पाला चावलो. कडू लागला. जहर नाई चढलं.

भूपेंद्र : बाबा, साप दिसला ना पन तुमाले?

रामलाल : दिसला. धानाचा भारा उचललो तं खालून निंघला. काळा, आंगावर पांढरे पट्टे. बोटाले मुंगी चावल्यासारखं लागलं, बस. सूज नाई, रगत नाई. तू उगाच घाबरून राहिला.

ओमेश्वरी : मण्यार होय तो! दुखत नाई म्हनूनच मानसं घरी बसतेत अना मरतेत. आशाताई म्हनून आठ वर्षं गावभर हेच सांगून राहिली, अना मायाच घरचं मानूस आयकत नाई.

रामलाल : तुयं आयकू का तुया नवऱ्याच्या गान्याचं? “डसली नागिन, निंब लागे कडू, जहर नाई आंगात, कायले मी रडू!” सारा तालुका नाचते यावर.

भूपेंद्र : गानं सोडा बाबा. गाडीवर बसा.

रामलाल : काऊन सोडू? आज मंडईत तू स्टेजवर गाशीन अना मी दवाखान्यात पडू? पयल्या लाइनीत खुर्ची सांगून ठेवलो मी.

ओमेश्वरी : आयका आता! तुमी लिवून राहिले होते तवाच म्हटली होती, हे खोटं हाय, काढा. तं का म्हटले तुमी? “गानं होय, दवाखान्याचा कागद नोहे.”

भूपेंद्र : ओमे, आत्ता नोको ना यार.

ओमेश्वरी : आत्ता नाई तं कवा? तेरवीले?

रामलाल : सुनबाई, तोंड सांभाळ. मागच्या हप्त्यात रुख्मा नाई का वाचली? निंबच चावली होती.

ओमेश्वरी : तिले धामन चावली होती. धामनीत जहरच नसते. रुख्मा निंब चावली असती का जिलेबी, वाचलीच असती.

रामलाल : अना हा? बारावी सायन्स शिकला हा. कॉलेजात बेंडकं कापलीत यानं. हा खोटं कायले लिवन?

भूपेंद्र : बाबा...

रामलाल : थांब. तुया बाजूनं कोन उभा हाय रे?

भूपेंद्र : कोनी नाई बाबा.

रामलाल : हाय ना. तुयासारखाच दिसते. शर्टबी तोच.

ओमेश्वरी : मामाजी, मायाकडं पाहा. डोळे उघडा. पूरे उघडा.

रामलाल : उघडेच तं हायेत.

ओमेश्वरी : नाई हायेत. पापन्या लोंबून राहिल्या. अवो, पाहून का राहिले? सांगा त्याईले! तुमचंच आयकतीन ते.

भूपेंद्र : बाबा, मी खोटं लिवलो.

रामलाल : का?

भूपेंद्र : निंब सगळ्याईलेच कडू लागते. जहर चढलेल्या मानसालेबी. मले मालूम होतं. चालीत बसत होतं, ठेवून देल्लो. पोरं नाचाले लागली, मंग कोन काढते? तुमच्या पाया पडतो, बसा. दवाखान्यात सुई हाय. टाइमात भेटली तं मानूस वाचते.

रामलाल : म्हंजे... मरून राहिलो का मी?

ओमेश्वरी : आत्ता निंघालो तं नाई. चालू नका, हे तुमाले उचलतीन. मी मांगून धरून बसतो. अवो, किक मारा!

भूपेंद्र : बाबा, मले घट्ट धरा. बोलत राहा. काईबी बोला, शिव्या द्या.

रामलाल : जीभ जड झाली रे... बाबू, मले सांगाले तू घरी होता. बाकीच्याईले कोन सांगन?