हार नव्हे, पट्टा

आदरणीय अध्यक्ष महापात्रबाबू, मर्दलगुरू बंशीधरजी, व्यासपीठावरील पाहुणे, माझे संग्रहालयातले सोबती, गावकरी मंडळी आणि आज जिला आपण निरोप देत आहोत ती कुंतळा मावशी,

सव्वीस वर्षं मावशीने इथल्या मूर्तींवरची धूळ पुसली. त्यातली एक हकीकत मला सांगायलाच हवी, कारण तीत चूक माझी होती.

दक्षिण दालनातली दगडी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जुन्या देवळाच्या नाटमंडपावरून आलेली. हात कोपरापासून तुटलेले, पोटापुढचा दगड फुटलेला. तिच्याखाली मी पाटी लावली, 'हार ल्यालेली नर्तकी'. दुसऱ्या सकाळी पाटी भिंतीकडे तोंड करून! मी सरळ केली. पुन्हा उलटी. असं नऊ दिवस.

"मावशी, हे काय चाललंय?"

"मॅडम, खोटं लिहिलंय ते. हार नाही, मर्दलाचा पट्टा आहे. ढोल गेला फुटून, पट्टा राहिला."

"बायका कुठे मर्दल वाजवतात?"

"वाजवू देत नाहीत, असं म्हणा."

मावशीचे वडील मर्दल वाजवायचे. लेकीला मात्र वाद्याला हात लावायची मुभा नव्हती.

वरून हुकूम आला, पाटी पुन्हा हलली तर हिला कामावरून काढा. कागदावर सही माझी हवी होती. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर्सनी, देव त्यांचं भलं करो, आज्ञापालन फार मायेने शिकवलं होतं. मी पेनाचं टोपण काढलंही.

तेवढ्यात मावशी आली ती वडिलांचा मर्दल गळ्यात अडकवूनच. मूर्तीशेजारी उभी राहिली. "आता बघा. हाराने खांदा उतरतो का कधी?"

मूर्तीचा डावा खांदा खाली होता. मावशीचाही, तेवढाच. चार वर्षं मी त्या मूर्तीवर लेख लिहीत होते! कागद फाडला. पाटीवर लिहिलं, 'मर्दलवादिका'.

पण मंडळी, दगडाला न्याय मिळाला, माणसांचं काय? मावशीला विचारलं, निरोपाला शाल घेशील की साडी?

"संग्रहालयाची ओसरी द्या."

"ओसरी?"

"रोज पाच ते सहा. सात पोरी आहेत. दाराआडून ऐकून जेवढं आलं, तेवढं शिकवीन."

बंशीधरजी, कपाळाला आठ्या पडल्या तरी चालतील. ओसरी दिली आहे.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. मर्दलाबद्दल बोलले त्याची मात्र माफी मागत नाही. पाच वाजलेत, पोरी दारात खोळंबल्यात. जरा वाट द्या त्यांना.