पाण्याचं वावडं

"पंखा वाढवा हो जरा." "कितवा नंबर चाललाय?" "खरं सांग ताई, किती बादल्या ओतल्यास?"

हाडांच्या दवाखान्यात ताटकळलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले. शेजारी एक गवंडी थोरल्या बहिणीशी हुज्जत घालत होता.

"रोज एक. आईनं इथल्या खाटेवरून हुकूम सोडलेला, मी येईपर्यंत घर धुऊन ठेव."

"अगं, आई यायच्या आत नवी जमीन व्हावी म्हणून घातलेलं मॅग्नेशियमचं सिमेंट ते! एका दिवसात दगड होतं, पण भिजत राहिलं की मऊ पडतं. नुसतं पुसायचं, म्हटलं होतं ना?"

"आईच्या घरात नुसतं पुसायचं? तू काय दत्तक आलायस?"

"आता जमीन नखानं उकरली तरी निघतेय. फोडून साधं सिमेंट घालतो. तोवर ती माझ्याकडे राहील."

"राहिली! पहाटेपासून वेणी घालून बसलीय, घरी जायचं म्हणून."

"साध्याला वेळ लागतो गं. वर आठवडाभर रोज पाणी मारायचं."

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून आई बाहेर आली.

"रोज पाणी? मग तेच घाल. राहते तुझ्याकडे. पण पाणी मारायला रोज मला घेऊन जायचं."

आईचा पाय फरशी धुतानाच मोडला होता.